पहिला जॅझ अल्बम कसा ऐकावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जॅझची ओळख करून घ्यायची असेल तर माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९ सालच्या अल्बमपासून सुरुवात करावी, असे आम्ही मागच्या अंकात सुचवले होते. त्यानंतर पुण्यातील अनेक वाचकांनी तो ऐकून पत्रे पाठवली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न: स. न. वि. वि. मी कोथरूडला राहते. तरुणपणापासून शास्त्रीय गायन ऐकत आले आहे आणि सवाई गंधर्व महोत्सव शक्यतो चुकवत नाही. आपण सुचवलेला अल्बम मुलीने लावून दिला. वाद्यांचा आवाज कानाला गोड लागला, खटकले असे काहीच नाही. पण पाऊण तास संपल्यावर आपण नेमके काय ऐकले, हे मला सांगता येईना. आरंभी एक लहानशी धून येते, ती नाहीशी होते आणि मग एकेक वाद्य आपापले बोलत राहते, एवढेच कळले. यात धरून ठेवावे असे काय आहे? की ज्या कानाला रागाची सवय झाली आहे, त्याला हे संगीत उशिरा कळणे कठीणच आहे?

उत्तर: आपण केलेले वर्णन जवळजवळ अचूक आहे. धून येते, मग बाजूला होते आणि वाद्ये आळीपाळीने बोलतात, हीच या संगीताची रचना आहे. ध्यानात घ्यायची गोष्ट एवढीच की धून थांबली तरी तिच्याखालचा सांगाडा थांबत नाही. तो तसाच पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि प्रत्येक वादक त्याच सांगाड्यावर आपले म्हणणे मांडतो. तो सांगाडा ऐकू येऊ लागेपर्यंत सगळे वादन सुटेसुटे भासते; एकदा तो सापडला की धरून ठेवण्याजोगे पुष्कळ काही हाती लागते. विलंबित एकतालाचे लांबलचक आवर्तन मनात धरून बसण्याची ज्यांना सवय आहे, त्या श्रोत्यांची यासाठी लागणारी निम्मी तयारी आधीच झालेली असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिली सूचना अशी की, संपूर्ण अल्बम एका बैठकीत ऐकू नये. त्यात ५ रचना आहेत. त्यांपैकी फक्त पहिली, ‘सो व्हॉट’ नावाची साधारण साडेनऊ मिनिटांची रचना, काही दिवस ऐकावी. तिच्यात सहा वादक आहेत: ट्रम्पेटवर स्वतः डेव्हिस, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स, डबल बेसवर पॉल चेम्बर्स आणि ड्रमवर जिमी कॉब. बहुतेक नवे श्रोते ट्रम्पेटच्या मागे जातात, कारण तो सर्वांत ठळक ऐकू येतो. आपण मात्र प्रथम बेसच्या मागे जावे. आरंभी पियानो आणि बेस यांचे लयीत न बांधलेले, आलापासारखे अर्ध्या मिनिटाचे बोलणे आहे. ते संपले की मुख्य धून सुरू होते आणि ती बेसवर वाजते. एरवी तळाशी राहून इतरांना आधार देणारे वाद्य येथे पुढे येऊन बोलते, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला आधी पियानो व नंतर तिन्ही फुंकवाद्ये दोनच आघातांचे उत्तर देतात. या सवाल-जबाबाची चार वाक्ये मिळून एक खंड होतो, आणि असे चार खंड मिळून एक आवर्तन.

आता या खंडांकडे लक्ष द्यावे. पहिले दोन खंड एकाच आधारस्वरावर आहेत. तिसऱ्या खंडात सगळी रचना अर्ध्या स्वराने वर सरकते आणि चौथ्या खंडात पुन्हा मूळ जागी येते. आपल्या घरी पेटी असेल तर हे तपासून पाहणे सोपे आहे. पांढरी दोन हा षड्ज धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की काफी थाटाचे स्वर मिळतात; कोमल गंधार आणि कोमल निषाद, बाकीचे स्वर शुद्ध. पहिला, दुसरा आणि चौथा खंड याच स्वरसमूहात आहे. तिसऱ्या खंडात तोच काफी काळी दोनवरून मांडलेला आहे. एवढ्या दोनच स्वरभूमींवर ही संपूर्ण रचना उभी आहे. आपल्याला रागाच्या मध्येच षड्ज हलवण्याची सवय नसल्यामुळे तिसऱ्या खंडाच्या आरंभी कान किंचित दचकतो. तो दचकतो आहे हेच चांगले लक्षण आहे, कारण आवर्तनात आपण कोठे आहोत ते त्या क्षणी आपोआप कळते.

दीड मिनिटाच्या सुमारास कॉब मोठ्या झांजेवर एक आघात करतात, त्याची गुंज हवेत राहते आणि त्या गुंजेतून डेव्हिस यांचे वादन सुरू होते. ते हे आवर्तन दोनदा वाजवतात. या सुमारे दोन मिनिटांत त्यांनी किती ठिकाणी काहीच वाजवलेले नाही, हे मुद्दाम ऐकावे. स्वर सरळ आहे, त्यावर कंप जवळजवळ नाही. वाक्ये छोटी आहेत आणि प्रत्येक वाक्यानंतर विराम आहे. वाक्य कोठे संपवावे याची ही जाण थोर गायकांच्या ठायी आपण ओळखतो, आणि डेव्हिस यांचे मोठेपण आमच्या दृष्टीने सर्वाधिक येथेच आहे. साडेतीन मिनिटे होण्याच्या थोडे आधी कोल्ट्रेन येतात. तीच दोन आवर्तने, तेच स्वर, पण माणूस निराळा: आवाज टणक, वाक्ये लांब, एखादी गोष्ट शोधत असल्यासारखी पुन्हा पुन्हा वर झेपावणारी. सव्वापाच मिनिटांच्या सुमारास ॲडर्ली येतात आणि वातावरण मोकळे होते. त्यांचा आवाज गोलसर आहे, चाल खेळकर आहे आणि ब्लूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गायनाचा रंग त्यांच्या प्रत्येक वळणात आहे. सात मिनिटे उलटल्यावर एव्हान्स एकच आवर्तन घेतात. ते धावती तान घेत नाहीत, जवळजवळचे स्वर एकत्र दाबून रंगांचे ठिपके ठेवत जातात. आणि आता फुंकवाद्ये त्यांच्या मागे तेच दोन आघातांचे उत्तर देत राहतात, त्यामुळे मूळ धून परत येणार याची चाहूल लागते.

राग ऐकणाऱ्यांनी एक अपेक्षा मात्र दूर ठेवावी. खयालात एकच कलाकार स्वरास्वराने बढत करीत जातो आणि लय वाढत जाऊन गाणे कळसाला पोहोचते. येथे लय पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच राहते, आणि गाठायचे असे एकच शिखर नसते. एकाच विषयावर चार भिन्न स्वभावांची माणसे काय म्हणतात, हे ऐकण्यात येथला आनंद आहे. हे सगळे समजून घेतल्यावरही हे वादन मनाला भिडले नाही, तर त्यात कोणाचीच उणीव नाही. पण तो निर्णय आवर्तन ओळखू येऊ लागल्यानंतर करावा, त्याआधी नव्हे.

प्रश्न: मी सदाशिव पेठेत राहतो आणि तबला शिकतो. मला या संगीतात सम सापडत नाही. ड्रमवादक ठरावीक ठेका धरत नाहीत आणि मी हातावर टाळी धरू लागलो की थोड्या वेळाने चुकतो. समेची जागा कशी ओळखावी?

उत्तर: तबल्याच्या ठेक्यात प्रत्येक मात्रेला स्वतःचा बोल असतो, खाली-भरीचा भेद असतो, म्हणून कोठूनही ऐकू लागले तरी आपण तालात कोठे आहोत ते कळते. जॅझमधील ड्रमवादनात ही माहिती अशी मांडून ठेवलेली नसते. तेथे हे काम तीन वाद्यांत वाटलेले असते. ‘सो व्हॉट’मध्ये एकल वादन सुरू झाले की चेम्बर्स बेसवर प्रत्येक मात्रेला एक स्वर देत चालत राहतात, ही मात्रांची मोजणी. कॉब यांच्या उजव्या हाताखालची झांज लय वाहती ठेवते, आणि पायाने मिटणारी झांजांची जोडी चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर वाजते. आपण पहिल्या मात्रेवर टाळी देता आणि वादकांचा जोर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर असतो, म्हणून हात चुकतो. काही दिवस टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच द्यावी. आरंभी अवघडल्यासारखे वाटेल, पण बेस आणि झांज यांचे नाते त्यामुळे लवकर उलगडते.

आता आवर्तन. चार मात्रांचा एक बार, आठ बारांचा एक खंड आणि असे चार खंड, म्हणजे ३२ बारांच्या १२८ मात्रा. एका आवर्तनाला एक मिनिटाहून थोडा कमी वेळ लागतो. मात्रा मोजू नयेत. बार मोजावेत, आणि पहिल्या उत्तरात सांगितलेला स्वरबदल ही खूण धरावी. आधार वर सरकला की सतरावा बार सुरू झाला. परत खाली आला की पंचविसावा. त्यानंतर आठ बारांनी आपली सम येते. तबल्याच्या एकल वादनात नगमा जे काम करतो, ते येथे बेसची चाल आणि पियानोचे स्वरगुच्छ, म्हणजे एकाच वेळी दाबलेले अनेक स्वर, मिळून करतात, असे समजले तर दिशा मिळेल. मात्र नगमा जसाच्या तसा फिरतो, आणि बेसवादक प्रत्येक आवर्तनात नवी वाट काढतो. शिवाय समेवर सगळ्यांनी एकत्र येऊन पोहोचावे, असा येथे आग्रह नसतो. वादक पुष्कळदा समेच्या आधीच नवे वाक्य सुरू करतो किंवा जुने वाक्य समेपलीकडे नेऊन सोडतो, आणि तसे करण्यात त्याची हुशारी मानली जाते.

एका मात्रेच्या दोन भागांविषयीही सांगायला हवे. ते समान नसतात. पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो. मध्यम लयीत, मात्रेचे तीन भाग करून पहिले दोन जोडल्यासारखी ही विभागणी होते, त्यामुळे तिस्र जातीचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला ती पटकन जाणवेल. लय जलद होत गेली की हा फरक कमी होत जातो. दुसरी रचना, ‘फ्रेडी फ्रीलोडर’, ही १२ बारांच्या ब्लूजची आहे; ४८ मात्रांचे हे आवर्तन सरावासाठी सर्वांत सोपे आहे. ‘ऑल ब्लूज’चे आवर्तनही १२ बारांचेच आहे, पण प्रत्येक बार सहाचा. दादऱ्याच्या अंगाने धरले तर हात चुकणार नाही.

प्रश्न: मी नारायण पेठेत राहते. जुन्या बाजारातून या अल्बमची एक जुनी रेकॉर्ड आणली आहे. पेटीवर स्वर शोधू लागले तेव्हा पहिल्या बाजूचे स्वर पट्ट्यांशी जुळेनात. दोन पट्ट्यांच्या मधे कोठेतरी येतात. माझ्या यंत्राची गती बिघडली आहे का?

उत्तर: यंत्र तपासण्याआधी रेकॉर्डची दुसरी बाजू लावून पाहावी. ‘ऑल ब्लूज’चा षड्ज पांढरी पाच आहे. पेटी प्रमाण स्वरमानाला लावलेली असेल आणि ही रचना तिच्याशी जुळत असेल, तर यंत्राची गती ठीक आहे. दोष मूळ ध्वनिमुद्रणातलाच आहे. या अल्बमचे ध्वनिमुद्रण दोन दिवशी झाले: २ मार्च १९५९ आणि २२ एप्रिल १९५९. पहिल्या दिवशी मुख्य फीत ज्या यंत्रावर मुद्रित होत होती, ते किंचित मंद चालत होते. मंद गतीने भरलेली फीत योग्य गतीने वाजवली की ती जलद होते आणि स्वर चढतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्याच दिवशीच्या असल्यामुळे तिन्ही चढ्या ऐकू येतात. त्या दिवशी दुसऱ्या यंत्रावर जी राखीव फीत भरली गेली होती, तिच्यावरून १९९२ साली ही चूक दुरुस्त करण्यात आली. म्हणजे त्याआधी तीन दशके जगभरच्या श्रोत्यांनी हे संगीत किंचित वरच्या पट्टीतच ऐकले. रेकॉर्ड टाकून देऊ नये, तिचा आनंद घ्यावा. पेटीवरच्या अभ्यासासाठी मात्र १९९२ नंतरची दुरुस्त आवृत्ती वापरावी. सुरुवातीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांच्या नावांचा क्रमही उलटा छापला गेला होता. त्यामुळे सहा मात्रांची रचना ‘ऑल ब्लूज’ आणि अतिविलंबित शांत रचना ‘फ्लेमेन्को स्केचेस’, असे ओळखावे.

प्रश्न: हे संगीत त्या वेळी सुचेल तसे वाजवलेले आहे, असे वाचले. मग त्यात ठरवलेले किती आणि आयत्या वेळचे किती? सगळेच आयत्या वेळचे असेल तर सहा जण एकमेकांशी जुळतात कसे? (एक वाचक, औंध)

उत्तर: या अल्बमच्या वेष्टनावर बिल एव्हान्स यांनी एक टिपण लिहिले आहे. डेव्हिस यांनी या रचनांचे आराखडे ध्वनिमुद्रणाच्या काही तासच आधी तयार केले आणि वादकांपुढे ठेवले, असे ते सांगतात. आराखडा म्हणजे किती कमी, हे त्या काळाची पार्श्वभूमी पाहिली की समजते. १९४० च्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी जे जॅझ घडवले, त्यात स्वरगुच्छ फार वेगाने बदलत. दर दोन-चार मात्रांना नवा स्वरगुच्छ आणि वादकाने प्रत्येकाला न्याय देत धावायचे, अशी ती परीक्षा होती. डेव्हिस विशीच्या आतच पार्कर यांच्याबरोबर वाजवू लागले, त्यामुळे ही विद्या त्यांना पुरती अवगत होती. ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये त्यांनी ती बाजूला ठेवली आणि वादकांपुढे दीर्घकाळ न बदलणारे स्वरसमूह ठेवले. बदल टिपण्याची धावपळ संपली, आणि या मोजक्या स्वरांतून सुंदर काय घडवाल, एवढा एकच प्रश्न उरला. रागसंगीत ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला पहिल्यांदा हाच अल्बम सुचवण्यामागचे आमचे कारणही हेच आहे, कारण मोजक्या स्वरांतून दीर्घकाळ नवे काढत राहणे ही गोष्ट आपल्या कानाला घरची आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर कानांनीच पडताळायचे असेल तर ‘फ्लेमेन्को स्केचेस’ ऐकावी. तिला पूर्वनियोजित धून नाही. पाच स्वरसमूहांचा क्रम तेवढा ठरलेला आहे, आणि एका समूहावर किती वेळ थांबायचे हे ज्याचे वादन चालू आहे त्याने ठरवायचे. तो पुढच्या समूहाकडे वळला की पियानो आणि बेस यांनी त्याच्याबरोबर वळायचे. सुदैवाने या रचनेचे त्याच दिवशी केलेले आणखी एक पूर्ण ध्वनिमुद्रण पुढच्या आवृत्त्यांत समाविष्ट झाले आहे. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. बेसचा पाया, स्वरसमूहांचा क्रम, वादकांची पाळी या गोष्टी दोन्हीकडे आहेत. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांनी म्हटलेली वाक्ये मात्र निराळी आहेत. हातात हात घालून उभे असलेले ठरलेले आणि न ठरलेले इतक्या स्वच्छपणे दाखवणारे उदाहरण आम्हाला दुसरे माहीत नाही. जॅझ शिकवणाऱ्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा ही वीस मिनिटे अधिक शिकवतात.

जुळण्याचे दुसरे कारण माणसांत आहे. यांतील बहुतेक जण डेव्हिस यांच्या संचात एकत्र वाजवत आले होते. एव्हान्स यांनी १९५८ च्या अखेरीस संच सोडला होता आणि पियानोवर विंटन केली आले होते. तरीही या अल्बमसाठी डेव्हिस यांनी एव्हान्स यांना परत बोलावले, कारण त्यांच्या मनातला रंग एव्हान्स यांच्या हातात होता. केली फक्त ‘फ्रेडी फ्रीलोडर’मध्ये आहेत. त्या रचनेनंतर लगेच ‘ब्लू इन ग्रीन’ ऐकली तर पियानोवादक बदलल्याने संपूर्ण संचाचा स्वभाव कसा बदलतो ते दिसते: केली यांचा पियानो नाचरा आणि ठसठशीत, एव्हान्स यांचा अंतर्मुख. ‘ब्लू इन ग्रीन’मध्ये ॲडर्ली वाजवतच नाहीत, आणि डेव्हिस यांनी ट्रम्पेटच्या तोंडाशी धातूचा म्यूट लावला आहे, त्यामुळे आवाज बारीक आणि अगदी कानाशी आल्यासारखा येतो. वास्तूचाही यात वाटा आहे. न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरचा कोलंबिया कंपनीचा हा स्टुडिओ मूळचा चर्चची इमारत होता. उंच छताखाली स्वर सुटा होऊन विरत जातो, आणि डेव्हिस यांच्या विरामांना त्यामुळे पोकळपणा येत नाही.

प्रश्न: मी हिंजवडीला नोकरी करतो. काम करताना किंवा बसमध्ये फोनवर हा अल्बम लावतो. मन शांत होते. असे ऐकणे पुरेसे आहे का?

उत्तर: मन शांत होत असेल तर ते चांगलेच आहे, पण त्याला हा अल्बम ऐकणे म्हणता येणार नाही. याचे एक अगदी व्यावहारिक कारण आहे. फोनच्या छोट्या स्पीकरमधून बेसचे खालचे स्वर जवळजवळ येत नाहीत, आणि वर सांगितल्याप्रमाणे रचनेची किल्ली बेसपाशीच आहे. साधे तारेचे हेडफोन लावले तरी फार मोठा फरक पडतो. बसमधील आवाजात मात्र तेही पुरे पडत नाहीत. आठवड्यातून एकदा, रात्री रहदारी कमी झाल्यावर, दुसरे कोणतेही काम हाती न घेता एक रचना ऐकावी. दहा मिनिटे लागतात.

प्रश्न: ‘काइंड ऑफ ब्लू’ आता ओळखीचा झाला आहे आणि फार आवडला आहे. यापुढे काय ऐकावे? नावांची मोठी यादी नको. दोन-चार नावे कारणांसह सांगावीत. (एक वाचक दांपत्य, सहकारनगर)

उत्तर: प्रथम कोल्ट्रेन यांचा ‘जायंट स्टेप्स’ ऐकावा, निदान त्याची शीर्षक रचना. ती मे १९५९ मध्ये, म्हणजे ‘काइंड ऑफ ब्लू’चे दुसरे सत्र झाल्यावर दोनच आठवड्यांनी मुद्रित झाली. एका बाजूला सोळा-सोळा बार न बदलणारा आधार, आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ प्रत्येक बारात पायाखालून सरकणारे स्वरगुच्छ. वादक तोच आणि ऋतूही तोच. कदाचित ही रचना आपल्याला लगेच आवडणार नाही. पण ‘सो व्हॉट’मध्ये कोल्ट्रेन कशापासून मोकळे झाले होते, हे तिच्यामुळे कळते.

लयीची आवड असेल तर त्याच वर्षीचा, त्याच स्टुडिओत मुद्रित झालेला डेव्ह ब्रुबेक यांचा ‘टाइम आउट’. पॉल डेझमंड यांची ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांची आहे, आणि ‘ब्लू राँडो अला टर्क’मध्ये नऊ मात्रांची २-२-२-३ अशी विभागणी आहे. ब्रुबेक १९५८ साली अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर असताना भारतातही येऊन गेले होते, आणि ही नऊ मात्रांची चाल त्यांनी त्या दौऱ्यात तुर्कस्तानातील रस्त्यावरच्या वादकांकडून उचलली. तालाची मोडणी ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या श्रोत्यांना हा अल्बम सोपा जातो.

एव्हान्स यांचा पियानो आवडला असेल तर ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ घ्यावा. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या छोट्या क्लबात प्रेक्षकांसमोर तो मुद्रित झाला. पेल्यांचा किणकिणाट आणि माणसांची कुजबुज त्यात ऐकू येते. येथे बेसवादक स्कॉट लाफारो केवळ साथ करीत नाहीत, ते पियानोशी बरोबरीने बोलतात. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

चौथा अल्बम घाई न करता, या सगळ्यांनंतर ऐकावा: कोल्ट्रेन यांचा ‘अ लव्ह सुप्रीम’, ९ डिसेंबर १९६४ रोजी मुद्रित झालेला. तोवर कोल्ट्रेन भारतीय संगीताकडे गंभीरपणे वळले होते. रविशंकर यांच्याविषयी त्यांना इतका आदर होता की पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले. हा अल्बम म्हणजे ईश्वराला वाहिलेली चार भागांची एक सलग रचना आहे, आणि ती तुकड्यांत ऐकू नये. पहिल्या भागात बेसवर चार स्वरांची एक आकृती येते. ती प्रथम नीट ओळखून ठेवावी, कारण पुढे कोल्ट्रेन तीच आकृती सॅक्सोफोनवर एकामागून एक बाराही स्वरांवरून मांडतात, आणि मग ती माणसाच्या आवाजात नामघोषासारखी पुन्हा पुन्हा म्हटली जाते. चौथ्या भागात ते स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर अक्षरशः शब्दाशब्दाने म्हणतात. ती प्रार्थना अल्बमच्या वेष्टनावर छापलेली आहे. दुसऱ्यांदा ऐकताना ती समोर ठेवून वाचत ऐकावे.